आठ इंच उंचीवरून

आपल्याकडे देव ओळखावा तो वाहनावरून. नंदी दिसला की शंकर, गरुड दिसला की विष्णू, आणि मोदकाकडे डोळे लावून बसलेला उंदीर दिसला की आपला बाप्पा. मनुष्याला वाहनाची हौस किती जुनी आहे, याचा हा पुरावाच म्हणायचा. देवांची कल्पना करतानासुद्धा आपल्या पूर्वजांनी त्यांना फारसे पायी चालवले नाही. आणि वाहने तरी कशी? बैलावर बसणे एकवेळ ठीक आहे, पण एवढ्या लंबोदराने एवढ्याशा उंदरावर बसून तोल कसा सांभाळायचा? हा प्रश्न बहुतेक मराठी मुलांना कधी ना कधी पडतो. मोठी माणसे त्याचे उत्तर देत नाहीत, "आगाऊपणा करू नकोस" म्हणून गप्प बसवतात.

माझ्या पिढीतल्या मुलांच्या डोक्यात अशी कितीतरी वाहने एकाच वेळी धावत असत. रामायणातले पुष्पक विमान होते. त्यात कितीही माणसे बसली तरी एक जागा रिकामी राहतेच, असे कीर्तनकार सांगत. एस.टी.च्या लाल गाडीत दोन बाकांच्या मध्ये पत्र्याच्या ट्रंकेवर बसून आजोळी जाणाऱ्या आम्हाला विमानापेक्षा त्या रिकाम्या जागेचेच अप्रूप जास्त वाटे. ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत होती. आळंदीला गेले की ती अजूनही दाखवतात. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न होता, इंद्रजाल कॉमिक्समधला फ्लॅश गॉर्डन होता. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तर आमची खात्रीच पटली, की इसवी सन २००० उजाडेपर्यंत शाळेत जायला प्रत्येकाला पाठीवर बांधायचा अग्निबाण मिळणार. त्या साली आपण शाळेत नसू, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

प्रत्यक्षात वडिलांनी बजाज स्कूटरचा नंबर लावलेला असे आणि तो लागेपर्यंत कितीतरी वर्षे निघून जात. स्कूटर आली तरी रोज सकाळी तिला आधी एका बाजूला कलती करायची, मग किका मारायच्या, मग घाम पुसायचा, असा विधी असे. स्वप्न आणि सत्य यांच्यातले अंतर आम्ही त्या किकांनी मोजले आहे.

एवढी पार्श्वभूमी सांगितली ती अशासाठी, की गेली काही वर्षे मी आपला तोल आपणच सांभाळणाऱ्या दोन चाकांच्या एका गाडीवर उभा राहून फिरतो, आणि त्यात मला अतोनात आनंद होतो. साठी उलटलेल्या माणसाने असा आनंद घ्यावा का, घेतला तर तो कोणत्या प्रतीचा समजावा, असा प्रश्न मला काही स्नेह्यांनी विचारला. काहींनी चेष्टेने, काहींनी काळजीने. त्याचे उत्तर शोधायला निघालो तो मला वाटले नव्हते अशा ठिकाणी जाऊन पोहोचलो.

या गाडीचा जन्म आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. ३ डिसेंबर २००१ रोजी 'गुड मॉर्निंग अमेरिका' या सकाळच्या कार्यक्रमात, न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये, डीन केमन या संशोधकाने 'सेगवे' जगाला दाखवली. त्याआधी जवळजवळ वर्षभर अमेरिकेत नुसती कुजबुज चालू होती. एका पुस्तकाच्या प्रस्तावातून बातमी फुटली होती आणि यंत्राचे टोपणनाव 'जिंजर' आहे, एवढेच लोकांना कळले होते. उद्याची शहरे या यंत्राभोवती आखली जातील, असे भाकीत स्टीव्ह जॉब्ज यांच्या नावावर छापून आले होते. घोडागाडीच्या जागी मोटार आली, तशी मोटारीच्या जागी ही गाडी येणार, असे स्वतः केमन सांगत होते. कोणी म्हणे उडती गाडी आहे, कोणी म्हणे गुरुत्वाकर्षणावर उतारा सापडला आहे. पडदा दूर झाला आणि दिसले काय, तर हिरवळ कापायच्या यंत्रासारखा एक उभा दांडा आणि खाली शेजारीशेजारी दोन चाके! आमच्या ऑफिसात दूरदर्शन संचापुढे जमलेली मंडळी हिरमुसून आपापल्या जागी परतली. मी मात्र बघतच राहिलो. दोन चाके एकामागे एक असतील तर ती सायकल झाली. शेजारीशेजारी असतील तर वर उभा राहिलेला माणूस पुढे किंवा मागे पडलाच पाहिजे. हा पडत कसा नाही?

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरायचा खेळ खेळत असू. काठी पुढे कलली की हात पुढे न्यायचा, मागे कलली की मागे. काठी सतत पडत असते आणि हात सतत तिच्याखाली जाऊन तिला सावरत असतो. सेगवेचे तेच आहे. तिच्या पोटातले पाच जायरोस्कोप आणि कल मोजणारी यंत्रणा उभ्या माणसाचा झोक सेकंदाला सुमारे शंभर वेळा तपासतात आणि चाके तेवढीच पुढेमागे पळवतात. तुम्ही पुढे झुकलात की गाडी पुढे, मागे झुकलात की थांबते. म्हणजे गाडी चालवणे असे काही नाहीच. आपण पडायला लागायचे आणि चाकांनी आपल्याखाली धावत यायचे. खरे पाहिले तर आपले चालणेही असेच आहे. पुढे पडायचे आणि पाऊल टाकून सावरायचे. दुडदुडू चालणाऱ्या मुलाकडे पाहिले की हे लगेच पटते. आपण पुढे ते विसरतो इतकेच.

शिकागोला सरोवराच्या काठाने सेगवेवरून शहर दाखवणाऱ्या सहली निघत. तिथे मी पहिल्यांदा तिच्यावर उभा राहिलो. पहिले मिनिट फजितीचे असते. घाबरून मागे झुकावे तर गाडी मागे जाते, त्याने आणखी घाबरून पुढे झुकावे तर पुढे येते, आणि माणूस जागच्या जागी एक विचित्र नाच करीत राहतो. शिकवणारा मुलगा म्हणाला, "चाकांकडे पाहू नका, पाण्याकडे पाहा." मी मिशिगन सरोवराकडे पाहिले. तिकडे जावे असे मनात आले, आणि गाडी निघाली! हात नाही हलवला, पायाने काही दाबले नाही. इच्छा झाली आणि गती आली, मध्ये काही नाही. ग्रँट पार्कातून बकिंगहॅम कारंज्याला वळसा घालताना मी मोठ्याने हसत होतो असे सौभाग्यवतीचे म्हणणे आहे. ती स्वतः मात्र शेवटपर्यंत दांडा गच्च धरून, बँकेच्या रांगेत उभे राहावे तशी गंभीर उभी होती.

हा आनंद वेगाचा नव्हे. सेगवेचा वेग ताशी साडेबारा मैलांच्या पुढे जातच नाही. साधा सायकलवालासुद्धा आपल्याला मागे टाकतो. हा आनंद आपले शरीर कोणीतरी ओळखल्याचा आहे. मोटारीला माझ्याशी काही देणेघेणे नसते, तिला चाक आणि पेडल कळते. ही गाडी माझा कल ओळखते. कल या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, झुकाव आणि मनाची ओढ. या गाडीवर ते दोन्ही एकच होऊन जातात.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका मॉलच्या सुरक्षा विभागाने जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा त्यातली एक मी घेतली. एकशेपाच पौंडांचे धूड आहे, गराजच्या पायरीवरून उतरवायला फळी लावावी लागते. उद्याचे वाहन म्हणून आलेली ही गाडी शेवटी मॉलचे पहारेकरी, पोलीस आणि प्रवासी यांच्याकडेच राहिली. कंपनीचा अंदाज आठवड्याला दहा हजार गाड्यांचा होता. २००३ च्या सप्टेंबरात बॅटरी उतरल्यावर माणूस पडतो म्हणून विकलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या, तेव्हा त्या जेमतेम सहा हजार भरल्या. त्याच वर्षी जूनमध्ये साक्षात राष्ट्राध्यक्ष बुशही तिच्यावरून पडता पडता वाचले होते, त्याची छायाचित्रे जगभर झाली. १५ जुलै २०२० रोजी तिचे उत्पादन थांबले. जवळजवळ एकोणीस वर्षांत एकूण विक्री साधारण एक लाख चाळीस हजार. तेव्हा, वाचकहो, माझ्या लहानपणचे भविष्य मला मिळाले ते जुन्या बाजारातून.

आता प्रश्नाकडे वळू. पहिला आक्षेप असा, की चालता येत असताना उभ्याउभ्या फिरणे हा आळस आहे. हा आक्षेप घेणारे आमचे एक स्नेही दीड मैल मोटार चालवत जिममध्ये जातात आणि तिथल्या फिरत्या पट्ट्यावर दोन मैल चालून मोटारीने परत येतात. त्यामुळे त्यावर फार शाई खर्च करीत नाही. मधुमेह आपल्या बऱ्याच जणांच्या घरी आहे, चालणे हवेच, आणि मी रोज चालतो. गाडी ही चालण्याऐवजी नाही, बागेत झोपाळा असतो तशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. उपनिषदांचा अभ्यास असलेल्या एका मित्राने मला नचिकेत्याची आठवण करून दिली. कठोपनिषदात यम त्या मुलाला आत्मज्ञानाऐवजी दुसरे काहीही माग म्हणतो. रथ, वाद्ये, दीर्घायुष्य, जे हवे ते. नचिकेता सांगतो, तुझी वाहने आणि तुझे नाचगाणे तुझ्यापाशीच ठेव. श्रेय आणि प्रेय ही निवड तिथे आली आहे. "आणि तू," मित्र म्हणाला, "यमाने परत नेलेला रथ मॉलमधून विकत घेतलास."

टोला छान होता, पण मला तो पुरता मान्य नाही. नचिकेत्याने वाहने नाकारली ती वाहने वाईट म्हणून नव्हे. ती त्याला प्रश्न सोडून देण्याची लाच म्हणून दिली जात होती. त्याच उपनिषदात थोडे पुढे गेले की शरीराला रथ म्हटले आहे. आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम, इंद्रिये म्हणजे घोडे. ज्या ऋषीला रथाचा तिटकारा आहे तो असा दाखला देणार नाही. ज्याने लगाम हातात धरला आहे, घोड्यांची ओढ बाहूंत अनुभवली आहे, त्यालाच तो सुचणार. माझ्या गाडीत सारथ्याचे काम सिलिकॉनचा तुकडा करतो आणि लगामच नाही, एवढा फरक जरूर आहे. गीतेने समत्वाला योग म्हटले आहे, तेव्हा पाच हजार डॉलरांत स्थितप्रज्ञ होण्याची ही सोय झाली असे कोणी समजू नये. तोल गाडीचा सांभाळला जातो, माझा नाही. पण एखादे सुख लाच आहे की नाही, हे ते सुख पाहून ठरत नाही. ते घेतल्यावर आपण कोणता प्रश्न विचारायचे थांबवले, यावरून ठरते.

आणि इथे मला थांबावे लागले. कारण ही गाडी एक प्रश्न खरोखरच विसरायला लावते.

सेगवेची फळी जमिनीपासून साधारण आठ इंच उंच आहे. आठ इंच म्हणजे काहीच नाही, एक पायरी. पण तिच्यावर उभे राहून गर्दीतून गेलात की सगळ्यांच्या डोक्यांवरून दिसते. साडेपाच फुटी माणूस एकदम सहा फुटांच्या वर जातो. लोक वाट देतात, वर पाहतात, हसतात. खोटे कशाला बोलू, ते फार आवडते. माझ्या लहानपणच्या त्या सगळ्या स्वप्नांत हे मिसळलेले होते, पण तेव्हा दिसत नव्हते. पाठीवर अग्निबाण बांधून शाळेवरून उडणाऱ्या मुलाच्या स्वप्नात खाली मैदानात मान वर करून पाहणारी बाकीची मुले असतातच. आणि रस्ता मात्र नेहमी मोकळा असतो. भविष्याच्या त्या चित्रांत काठी टेकत चाललेली म्हातारी मी कधी काढली नाही, चंद्रावरही नाही आणि आमच्या गल्लीतही नाही.

खऱ्या रस्त्यावर ती असते. सेगवे विकायला काढण्याआधी कंपनीने तीसहून अधिक राज्यांत पदपथावर चालवायची परवानगी कायद्याने मिळवली. सॅन फ्रान्सिस्कोने मात्र २००२ साली पदपथावर बंदी घातली. वृद्धांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या संघटना विरोधात उभ्या राहिल्या होत्या. शंभर किलोंच्या आसपास वजन, गाडी आणि माणूस मिळून, ताशी साडेबारा मैलांनी आवाज न करता मागून येते. ज्याला ऐकू कमी येते, ज्याला दिसत नाही, त्याने काय करायचे? तेव्हाच्या वर्तमानपत्रांत याची टिंगल झाली, नवे काही आले की जुन्यांनी ओरडायचेच, अशा सुरात. मला वाटते त्या म्हाताऱ्यांचे बरोबर होते. मोटारीला जागा देता देता पायी चालणाऱ्याकडे रस्त्याची एक कडा उरली होती. तीही आता मौजेसाठी मागितली जात होती.

या संदर्भात एका माणसाची गोष्ट मनातून जात नाही. जिमी हेसलडेन हे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे. कोळशाच्या खाणीत काम केलेले, पुढे उद्योगात मोठे झालेले, आणि आपल्या भागातल्या गरिबांसाठी कोट्यवधी पौंड देऊन टाकलेले. सेगवे कंपनी त्यांनी विकत घेतली होती. २०१० च्या सप्टेंबरात ते सेगवेवरून फिरत असताना नदीकाठच्या कड्यावरून कोसळून गेले. कंपनीचा मालकच आपल्या गाडीवरून पडून गेला म्हणून जगभर त्यावर विनोद झाले. पुढे झालेल्या चौकशीत निघाले ते असे, की अरुंद वाटेवर समोरून कुत्रा घेऊन एक माणूस येत होता, आणि त्याला वाट द्यावी म्हणून ते बहुधा गाडी मागे घेत होते. विनोद ज्यांनी ऐकले त्यातल्या किती जणांनी हे वाचले असेल?

मी स्वतः एक नेम ठेवला आहे. आमच्याकडच्या नदीकाठच्या वाटेवर गाडी चालते. समोरून कोणी पायी आले की मी उतरतो. थांबत नाही, उतरतो. त्या आठ इंचांवरून खाली येऊन नमस्कार-चमत्कार केला की बोलणे सुरू होते. वर उभे राहून केलेला नमस्कार रथातून केल्यासारखा वाटतो. सौभाग्यवती म्हणते, त्यापेक्षा चालतच का जात नाहीस. तिचे म्हणणे चुकीचे नाही, पण मग झोपाळ्याचे काय करायचे?

आता उंचीची दुसरी बाजू. ही मला फार उशिरा कळली आणि तिनेच हा लेख लिहायला लावला. सेगवे ही मुळात दुसऱ्याच एका यंत्राची धाकटी बहीण आहे. चाकांच्या खुर्चीतल्या एका माणसाची पदपथाच्या काठावर चढायची धडपड केमन यांनी पाहिली, आणि त्यातून त्यांनी 'आयबॉट' नावाची खुर्ची बनवायला घेतली. ती जिने चढे, वाळूतून जाई, आणि मुख्य म्हणजे दोन चाकांवर तोल साधून उभी राही. त्यामुळे बसलेल्या माणसाचे डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येत. नर्तक फ्रेड अस्टेअरवरून तिचे टोपणनाव 'फ्रेड' पडले होते, आणि त्याची जोडीदारीण जिंजर रॉजर्स, म्हणून त्याच तोल साधण्याच्या विद्येतून निघालेली सेगवे ती 'जिंजर'. म्हणजे जगाने वर्षभर जिच्यासाठी श्वास रोखून धरला ती नाचातली जोडीदारीण. मूळ नर्तकाकडे कोणी पाहिलेच नाही.

आयबॉटला २००३ साली अमेरिकन सरकारची मंजुरी मिळाली. किंमत पंचवीस हजार डॉलरांच्या वर. २००६ साली मेडिकेअरने ठरवले की साधी विजेवर चालणारी खुर्ची जेवढे काम करते तेवढ्याचेच पैसे देता येतील. जिने चढणे आणि दोन चाकांवर उभे राहणे यांचे नाही. २००९ मध्ये तिची विक्री बंद पडली. पुढे २०१६ साली टोयोटाने हात दिला आणि २०१९ मध्ये ती नव्या रूपात परत आली, पण मधली दहा वर्षे गेलीच. त्याच दहा वर्षांत सेगवेच्या सहली शहरोशहरी जोरात चालल्या होत्या. एकाच विद्येची ही दोन फळे. एक मला सहा फुटांच्या वर नेते आणि चार माणसांत मी उंच दिसतो. दुसरे एका माणसाला फक्त तुमच्या-माझ्याइतके करते. पहिल्यासाठी मी रोख पैसे मोजले. दुसऱ्याला सरकारी हिशोबात गरज म्हणून जागाच सापडली नाही. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवणे ही गरज आहे की चैन? मेडिकेअरच्या कारकुनाला दोष देऊन मोकळे होता येत नाही. मंजुरीचा कागद त्याच्या टेबलावर येण्याच्या कितीतरी आधी आपल्या सगळ्यांच्या स्वप्नांतून ती खुर्ची गळून पडली होती.

म्हणून मला पुन्हा ती रिकामी जागा आठवते. पुष्पक उडत होते हे आता काही विशेष राहिले नाही, आपण दरवर्षी विमानाने मुंबईला जातोच आणि मधल्या सीटवर बसून कुरकुरतो. विशेष ते, की बसलेल्यांच्या संख्येने ते भरत नव्हते. भिंतीचेही तसेच. वाघावर बसून, सापाचा चाबूक करून चांगदेव आले ते एकटे. भिंतीवर चौघे भावंडे होती, मुक्ताईसुद्धा. लहानपणी आम्ही चमत्कार पाहिला तो भिंत चालली याचा. कथा सांगणाऱ्याने कोणाकोणाला तिच्यावर बसवले, तिकडे लक्ष गेले नाही. त्या कथा रचणाऱ्यांनी वाहनाची कल्पना करताना प्रवासी मोजले होते. आमच्या अग्निबाणात मात्र एकच पट्टा होता.

याचा अर्थ माझा आनंद खोटा ठरला असे मी मानत नाही. सरोवराकाठी जे झाले ते झालेच. साठीतल्या माणसाला सहा वर्षांचा करणारी गोष्ट जगात फार नाही, आणि ती सापडली तर अपराध्यासारखे तोंड करून तिच्यावर उभे राहू नये. आनंदाला उपयोगाचे प्रमाणपत्र लागत नाही. या देशात हातपाय गमावलेल्या सैनिकांना सेगवे मिळवून देणारी एक संस्था आहे. तिचे काम मोठे आहे, पण तिच्या पुण्याईवर मी माझी मौज भागवून घेणार नाही. मौज ही मौज. फक्त ती एकट्याची होती, एवढे मला कळले आहे. आणि ज्याला एकट्याची मौज कळली त्याच्यावर शेजारची जागा पाहण्याचे काम आपोआप येते, असे मला वाटते. ते करायचे की नाही, हा मात्र ज्याचा त्याचा प्रश्न.

माझ्यापुरता तो प्रश्न गेल्या उत्सवात समोर आला. आपल्या मंडळातल्या एक काकू, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, चार वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत आहेत. माझ्या गाडीची चौकशी त्या नेहमी करतात. मी त्यांना या उभ्या राहणाऱ्या खुर्चीविषयी सांगितले. लक्षपूर्वक ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "अरे, मला गेली चार वर्षं आरतीला गणपती दिसलेला नाही. झब्बे दिसतात. कोणाचा नवा आहे, कोणाचा इस्त्रीचा आहे, सगळं सांगू शकेन मी." मग किंमत विचारली. मी सांगितली. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि हसल्या. "एवढ्यात गावाकडे घर होईल रे. त्यापेक्षा पुढच्यांना आरतीला खाली बसायला सांग की."

मी हे कार्यकारिणीच्या सभेत मांडले. आरती बसून म्हणायची नसते, देवापुढे उभे राहायचे असते, असे एका बाजूचे म्हणणे पडले, आणि ते रीतीला धरूनच आहे. दुसरी बाजू म्हणाली, मग ज्यांना उभे राहता येत नाही त्यांच्यासाठी सगळ्यात पुढची जागा राखून ठेवा. त्यावर, पुढे लहान मुले असतात, त्यांना मागे कसे ढकलायचे, असा मुद्दा निघाला. मी सुचवले की मुले आणि खुर्च्या पुढे आणि आपण उंच मंडळी भिंतीला लागून. अर्धा तास चर्चा झाली, चहा आला, आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

तोवर आम्ही काकूंची खुर्ची डाव्या हाताला, खांबाच्या पुढे लावतो. तिथून मूर्ती पूर्ण दिसते. टाळवाले मात्र थेट त्यांच्या कानाशी येतात. काकूंची त्याला हरकत नाही, टाळांचा एक जोड त्यांनी मागून घेतला आहे.